खालची हवा

विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की काठावरची मोटर नुसती फुसफुसायची आणि नळीतून वारा यायचा. गुरं हौदाशी जाऊन कोरडा तळ चाटत. विहीर दोघा भावांची सामाईक होती. घरात मात्र वर्षभरापूर्वी मधोमध भिंत उभी राहिली होती आणि चुली दोन झाल्या होत्या. म्हातारी आई सकाळी थोरल्याकडे जेवायची, संध्याकाळी धाकट्याकडे, आणि दोन्हीकडे मीठ कमी म्हणायची.

भांडण पाण्यावरूनच होतं. एक दिवस याची मोटर, एक दिवस त्याची. पण थोरला म्हणायचा, हा पहाटे चोरून चालवतो. धाकटा म्हणायचा, याच्या दिवसाला सूर्य मावळतच नाही. शेवटी बोलणंच बंद झालं. निरोप जायचे ते बायकांच्या तोंडून.

थोरल्याची बायको अँब्युलन्सवर कामाला होती. घरात ती थोरली, गावात ‘गाडीवाली’. शिकून, परीक्षा देऊन लागलेली. तिचं जग दोन तऱ्हेचं होतं. एकात लोक तिची वाट बघत रस्त्यावर उभे असत, दुसऱ्यात ती उशिरा आली म्हणून दुधाचं भांडं तसंच पडलेलं असे.

त्या सकाळी ती कामावर निघाली तेव्हा दोघे भाऊ विहिरीवर होते. गाळ काढायचं ठरलं होतं. गाळ काढायला बेडूक आला होता. मिसरूड फुटल्यापासून विहिरीतच उतरत आला म्हणून सगळे त्याला बेडूक म्हणत, आणि तोही हाकेला ओ देई. पाणी उपसायचं डिझेलचं इंजिन साखळीला बांधून दोघे भाऊ सावकाश आत सोडत होते, विहिरीतल्या दगडी टप्प्यावर.

“सोड... सोड... थांब,” थोरला म्हणत होता.

“थांबलोय,” धाकटा म्हणाला.

थोरलीने ते लांबूनच ऐकलं. कितीतरी महिन्यांनी दोघे एकमेकांशी बोलत होते. इंजिन कुठे चाललंय ते तिला दिसलं नाही. बांधाच्या आडून नुसत्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. ती तशीच पुढे गेली.

निरोप आला तेव्हा ती गाडीतली चादर बदलत होती. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. तो तिला ताई म्हणे. तिला घेऊन तो इतकी वर्षं फिरत होता, की निरोपातलं गावाचं नाव ऐकून त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“विहिरीत माणसं पडलीत,” तो म्हणाला.

“किती?”

“दोन म्हणतायत.”

“कुणाची विहीर?”

मामाने गाडी सुरू केली. तिने पुन्हा विचारलं नाही. रस्ताभर ती सामान लावत बसली. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून काटा पाहिला. श्वासाची पिशवी, मुखवटा, तोंडातली घाण ओढायचं यंत्र. यंत्र चालू करून नळीवर अंगठा धरला, ओढ येतेय का पाहिलं. हात रोजच्यासारखे चालत होते. ते आपले नाहीत असं काही तिला वाटलं नाही. फक्त त्यांना काही विचारावं असंही वाटलं नाही.

बांधावर गर्दी होती. गाडी थांबायच्या आत तिने पाहिलं : थोरल्याने सदरा काढून टाकला होता आणि एक पाय विहिरीच्या लोखंडी पायरीवर ठेवला होता.

ती धावली नाही. धावलं तर धाप लागते, आणि मग काही ऐकू येत नाही. भराभर चालत गेली.

“अहो, वर या.”

“तो खाली आहे!”

“माहीत आहे. वर या.”

“आवाज देत नाहीये तो. जाऊ दे मला.”

तिने मागून त्याचा बनियन धरला आणि सगळं वजन टाकून ओढला. दोघेही ओल्या गाळाच्या ढिगावर पडले. बनियन खांद्यापासून फाटला. गर्दीत कुणीतरी भीतीने फिसकन हसलं. एक बाई स्पष्ट बोलली, “भाऊ बुडतोय नि ही नवऱ्याला धरून बसलीय.”

थोरली उठली. हात पुसले. “इंजिन कुठे आहे?”

“आत. टप्प्यावर.” शेजारचा रानवाला पुढे आला. त्यानेच काय झालं ते सांगितलं. सकाळभर इंजिन चालवलं, पाणी उपसलं, मग बंद केलं. धूर वर निघून जाईपर्यंत थांबलेही होते. आत स्वच्छ दिसायला लागल्यावर धाकटा उतरला. तळाशी जाऊन घमेलं हातात घेतलं आणि खालीच बसला. वरून यांना वाटलं, बिडी पेटवतोय. मग तो तोंडावर पडला, पाण्यात. बेडकाने कमरेला दोर बांधला नि त्याच्या मागे गेला. त्याला धरून उताणा करत होता, तोच त्याचीही मान पडली. लोकांनी दोर ओढला, पण तो इंजिनापाशी अडकला.

“किती वेळ झाला?”

“लई झाला. तुम्हाला फोन लावायच्या आधीच...”

“कुणीही आत उतरायचं नाही,” ती सगळ्यांना म्हणाली. “खालची हवा विषारी आहे. धूर गेला तरी ती बसून राहते. दिसत नाही.”

“उघड्या विहिरीत कसली विषारी हवा?” थोरला म्हणाला. त्याच्या हनुवटीला गाळ लागला होता. “वर आभाळ दिसतंय की.”

“तुम्ही उतरलात तर मला तिघांना काढावं लागेल,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला काढायला कोण उतरेल, ते आत्ताच सांगून ठेवा.”



विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ रानवाल्याकडे होता. तो आणायला माणूस पळाला. तोपर्यंत थोरलीने मामाकडून दुसरी गाडी बोलावली, चटई पसरली, सामान हाताशी मांडलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ती काठाशी उभी राहून खाली पाहत राहिली. बेडूक टप्प्याजवळ लोंबकळत होता, मान एका बाजूला. त्याच्याखाली गढूळ पाण्यात एक निळा सदरा पसरला होता. तो सदरा तिने कालच दोरीवर वाळत घातलेला पाहिला होता, भिंतीच्या पलीकडे.

गळ आला. लांब बांबूने बेडकाचा दोर सोडवला आणि चौघांनी त्याला वर घेतला.

ती त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली. “ऐकू येतंय का? डोळे उघड.” खांद्याचा मांसल भाग चिमटला. तो कण्हला. घशातून घरघर येत होती. तिने जबडा पुढे ओढला, नळी तोंडात घालून घाण ओढून काढली. श्वास होता, पण उथळ, आणि मधूनच अडायचा. नाडी जोरात पळत होती. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा उत्तम आकडा दाखवत होता. मामाने तो आकडा वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “धुराच्या माणसात तो खोटं बोलतो. ऑक्सिजन पूर्ण सोडा.” तिने मुखवटा चढवला आणि त्याला कुशीवर वळवला.

तिकडे गळ खाली जात होता आणि रिकामा वर येत होता. एकदा सदऱ्यात अडकला, सदरा फाटला. “बादलीला कडी तरी असते,” कुणीतरी म्हणालं. मग तो कंबरपट्ट्यात अडकला. धाकटा वर आला तो कमरेत दुमडून, हात-पाय खाली, आणि अंगातून पाणी गळत.

“इकडे ठेवा. सपाट.”

तिने बेडकाची हनुवटी मामाच्या हातात दिली. “अशीच धरा. श्वास थांबला तर ओरडा.” आणि दोन गुडघे सरकून दिराकडे वळली.

तोंडात गाळ होता. तिने बोटांनी काढला, मग यंत्राने. डोकं मागे केलं. त्याच्या तोंडाशी कान नेला. काही नाही. मानेवर बोटं ठेवली आणि जितका वेळ ठेवायची असतात तितका वेळ ठेवली, कमी नाही. पिशवीने हवा दिली. छाती उचलली गेली आणि खाली बसली, आपणहून पुन्हा उचलली गेली नाही. पापणी उघडली. बाहुली मोठी झालेली होती, आणि बुबुळावर मातीचा कण होता. डोळा मिटला नाही. हृदयाचे ठोके पाहायच्या यंत्राच्या चकत्या छातीवर चिकटवल्या. पडद्यावर सरळ रेघ आली. तिने चकत्या दाबून पाहिल्या, तारा पाहिल्या. रेघ तशीच.

“ताई,” मामा म्हणाला. “ताई, हा थांबला.”

पिशवी एक होती. हात दोन होते. मामाला गाडी चालवायची होती.

तिने पिशवी उचलली आणि परत बेडकाकडे गेली. मुखवटा दाबून धरला, पिशवी दाबली. एकदा, पुन्हा एकदा. त्याची छाती वर आली. “गाडीत घ्या याला.”

“आणि याला?” थोरला तिच्या समोर उभा होता. “आधी याला घे. अगं, आधी याला.”

“दुसरी गाडी येतेय.”

“कधी? कधी येतेय?”

ती मामाला म्हणाली, “इथे हात द्या,” आणि पिशवी क्षणभर त्याच्याकडे देऊन नवऱ्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. त्याचा तळहात धाकट्याच्या छातीच्या मधोमध ठेवला, त्यावर दुसरा तळहात. “कोपर ताठ. असं. जोरात दाबा, सोडा, दाबा. भरभर. दमलात की रानवाल्याला द्या, पण थांबायचं नाही. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.”

“जोरात दाबलं तर लागेल त्याला.”

“लागू द्या.”

तो दाबू लागला. तिने बेडकाला स्ट्रेचरवर घेतलं. गाडीचं दार लावताना काचेतून तिला नवऱ्याची पाठ दिसली, फाटक्या बनियनची, वर-खाली होणारी.

वाटेत बेडूक ओकला. तिने त्याला वळवलं, ओढून काढलं, पुन्हा पिशवी. घाटातल्या वळणांवर तिने एक पाय समोरच्या बाकाला रोवून धरला. दवाखान्याच्या अलीकडे त्याने आपणहून मोठा श्वास घेतला, मग दुसरा, आणि तिचा हात ढकलायचा प्रयत्न केला. “शाबास,” ती म्हणाली. हा शब्द ती सगळ्यांनाच म्हणायची.

डॉक्टरांना तिने सांगितलं : विहिरीत इंजिनाचा धूर, बेशुद्ध, श्वास एकदा थांबला, हवा दिली, आता स्वतःचा आहे. डॉक्टर म्हणाले, “तिथे दुसरा होता ना?” ती म्हणाली, “होता.” त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण ते तिला ओळखत नव्हते, नुसतं गणवेशाला ओळखत होते.

तिने गाडी धुतली. नळ्या धुतल्या. मामा चहा घेऊन आला. तिने तो घेतला आणि सगळा प्यायली. “घरी जायचं ना, ताई? बदली माणूस बोलावलाय.”

“येईपर्यंत थांबते.”

तेवढ्यात एक निरोप आला, आणि ते गेले. साखर उतरून घाम फुटलेली एक म्हातारी होती. थोरलीने तिच्या बोटाला टोचलं, शिरेतून साखर दिली. म्हातारी डोळे उघडून म्हणाली, “तू कुणाची गं?” आणि थोरली म्हणाली, “कुणाची नाही, आजी. गाडीवरची.” म्हातारीची सून हसली. थोरलीही हसली. हसू तोंडावर आलं आणि गेलं, जसं खांद्यावरून पाखरू जावं.

घरी पोचली तेव्हा अंगणात माणसं बसली होती. ती आली तशी त्यांनी पाय आवरून वाट दिली, वीतभर जास्तच. दुसऱ्या गाडीची माणसं येऊन गेली होती. त्यांनी थोरल्याला बाजूला केलं, तेव्हाही तो दाबतच होता म्हणे. दोघांनी धरून उठवलं.

सासू भिंतीच्या पलीकडच्या खोलीत होती, धाकट्याच्या बायकोजवळ. थोरली दारात थांबली.

“आई.”

“त्या गाळवाल्याचं काय झालं?” म्हातारीने विचारलं.

“आहे. जगेल.”

म्हातारीने मान हलवली. “बरं झालं. त्यालाही आई असेल.”

मग म्हणाली, “माझ्या पोराला का नाही नेलंस?”

“आई, तो तेव्हाच गेलेला होता. मी सगळं पाहिलं.”

म्हातारी तिच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. हिशोब जुळत नाही अशा वेळी माणूस बघतं तशी ती बघत होती. “मग माझा थोरला एवढा वेळ कुणाला दाबत होता?”

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “तुम्ही त्यांना हात लावलात ना?”

“लावला.”

“अंग गरम होतं?”

“ओलं होतं,” थोरली म्हणाली. “ओलं होतं गं. कळलं नाही.”

धाकटीने मान खाली घातली.

त्यानंतरचे दिवस कामाचे होते, म्हणून गेले. पाण्याचा टँकर यायचा, रांगेत कळशा लागायच्या. थोरली रांगेत उभी राहिली की बोलणं थांबायचं, किंवा थांबायचं नाही. “परक्याला उचलून नेलं नि सख्खा दीर मातीत टाकला.” “अगं, पगार असतो त्याचा.” एकीने तर सरळ विचारलं, “वाटणीच्या भांडणाचं मनात होतं का काही?” थोरलीने कळशी भरली आणि डोक्यावर घेतली. राग आला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटायचं. पण आत हात घातला की काही लागायचंच नाही, कोरड्या हौदासारखं.

कामावर ती जात राहिली. घरी दोन्हीकडचं दूध काढत राहिली, कारण धाकटी उठत नव्हती. थोरल्याची मनगटं सुजली होती. तिने त्यावर औषध चोळलं. त्याने चोळू दिलं. तो जेवायचा, झोपायचा, विचारलेल्याचं उत्तर द्यायचा. विहिरीकडे जात नव्हता. भिंतीच्या पलीकडे आई आता दोन्ही वेळचं तिथेच जेवायची.

एके दिवशी बेडूक आला. दवाखान्यातून सुटून बरेच दिवस झाले होते. अंगाने निम्मा झाला होता. अंगणात येऊन उभा राहिला आणि चप्पल काढून पुन्हा घातली.

“गाळ राहिलाय,” तो म्हणाला.

थोरला ओसरीवर होता. बेडूक म्हणाला, “दादा, मी धरलं होतं त्याला. तोंड वर केलं होतं. मग मला काही कळलं नाही.”

आतून म्हातारी आली. भिंतीला धरून, एकेक पाऊल. बेडकाने मान खाली घातली. म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, त्याचा दंड चाचपला, जनावराचा चाचपतात तसा. “खातोस का नीट?” तिने विचारलं. तो हो म्हणाला. “अंगावर तर दिसत नाही,” ती म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने सुट्टी घेतली. इंजिन वर काढलं. धान्य उफणायचा मोठा पंखा विहिरीच्या तोंडाशी बसवला, ताडपत्रीची नळी करून तळापर्यंत सोडली आणि उन्हं वर येईपर्यंत पंखा चालू ठेवला. बेडकाने कमरेला आणि काखेतून दोर बांधून घेतला. “डॉक्टरीणबाईंनी सोडलं तर उतरतो,” तो म्हणाला. ती डॉक्टर नव्हती, पण तिने दुरुस्त केलं नाही. “बोलत राहा,” ती म्हणाली. “सारखा. गप्प बसलास की ओढून काढीन.”

“मग गाणंच म्हणतो की.”

“काहीही म्हण.”

तो उतरला. खालून त्याचा आवाज येत राहिला, गाणं नव्हतं, शिव्या होत्या : गाळाला, दगडाला, ऊन पाडणाऱ्या देवाला. रहाटावर एका बाजूला धाकट्याने उभं राहायचं, एका बाजूला थोरल्याने, असं पूर्वी असायचं. आता धाकट्याच्या जागी थोरली उभी राहिली. घमेलं भरलं की दोघांनी ओढायचं, उलटायचं, रिकामं खाली सोडायचं.

बराच वेळ ते असं करत राहिले. मग थोरल्याने घमेलं उलटता उलटता विचारलं,

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“तो गेलाय ते. मला बसवलंस तेव्हा.”

“हो.”

खालून बेडूक ओरडला, “सोडा!” त्यांनी घमेलं सोडलं. दोर दोघांच्या हातांतून सरकत गेला.

“मग मला का दाबायला लावलंस?”

थोरलीने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. हे आपण कधीतरी बोलणार हे तिला ठाऊक होतं, पण बोलताना आवाज कसा लागेल ते ठाऊक नव्हतं. तो नेहमीसारखाच लागला.

“तुमचे हात मोकळे असते तर तुम्ही गाडी अडवली असती.”

थोरला रहाटाला टेकून उभा राहिला. गाळाचा ढीग उन्हात वरून पांढरा पडत चालला होता. त्याने त्यातलं एक ढेकूळ पायाने फोडलं.

“अडवली असती,” तो म्हणाला.

“बेडूक गेला असता.”

“कळतंय मला.” त्याने तळहात उघडून पाहिले, मग मिटले. “दाबताना मला वाटायचं, आत काहीतरी हलतंय.”

“तसं वाटतं.”

“आईला मी सांगतो,” तो म्हणाला. “तू पुन्हा काही बोलू नकोस. मी सांगतो, की तो वर आला तेव्हाच नव्हता. पण आज नको.”

“नको,” ती म्हणाली. “आज नको.”

“ओढा रे!” खालून बेडूक ओरडला. “झोपलात का वर?”

दोघे वाकले आणि ओढू लागले.